त्या दिवशी काम अर्धवट सोडणाऱ्या ताईंना

ताई,

तुमचे आभार समोरच मानायचे होते. पण चिंगीला घेऊन निघताना घसा असा दाटून आला की नुसती मान हलवून मी बाहेर पडले. म्हणून हे पत्र. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण म्हातारं कुत्रं सांभाळणाऱ्या कितीतरी जणांना तुमच्यासारखं कुणी भेटतच नाही.

चिंगीची नखं आणि केस कापून घ्यायला तुमच्याकडे आल्या आल्या मी तिची तक्रारच केली होती, आठवतंय? "सांभाळून हं, हल्ली फार चिडकी झालीये. पायाला हात लावू देत नाही." त्याआधी एके ठिकाणी तिच्या गळ्यात फास अडकवून तिला टेबलावर उभं केलं होतं. मागचा पाय बाजूला ओढून धरला, एक नख खोलवर कापलं गेलं, रक्त आलं. "म्हातारी झाली की अशीच करतात," एवढं ऐकून आम्ही घरी आलो होतो. मला ते पटलं होतं, ताई. १३ वर्षं जिला ओळखतेय, तिच्याबद्दल मी ते खरं मानलं, ही बोच अजून जात नाही.

तुम्ही तिला टेबलावर घेतलंच नाही. जमिनीवर रबरी मॅट अंथरलीत आणि तिच्यापासून हातभर लांब बसलात. हाक मारलीत, तिचा कान हलला नाही. मग तळहाताने फरशीवर दोनदा हलकी थाप दिलीत. चिंगीने मान वळवली! ऐकू येत नसलं तरी पायाखालचा हादरा तिला कळतो, हे मला तेव्हा कळलं. तिने तुमचा हात हुंगला, मनगट हुंगलं, मग तिथेच बसकण मारली. कात्री अजून पिशवीतच होती.

तिच्या मागच्या पायावरून वरपासून खालपर्यंत हात फिरवून तुम्ही म्हणालात, "ही चिडकी नाही हो, हिचं दुखतंय."

या एका वाक्यासाठी तुमचे कितीही आभार मानले तरी कमीच.

मग तुम्ही मला दाखवलंत. सांधे झिजलेल्या कुत्र्याचा पाय बाजूला उचलला की खुब्यावर ताण येतो, म्हणून तो मागच्या दिशेला, जमिनीपासून जेमतेम चार बोटं उचलायचा, आणि दुसरा हात पोटाखाली आधाराला ठेवायचा. त्याहून बरं म्हणजे तिला कुशीवर झोपू द्यायचं. तुम्ही तिला झोपवली नाहीत, ती आपणहून झोपेपर्यंत थांबलात.

नखांचं तर मला काहीच माहीत नव्हतं. फिरणं कमी झालं की नखं जमिनीवर घासली जात नाहीत. ती वाढून टेकायला लागली की बोटं वर ढकलली जातात, पाऊल नीट पडत नाही आणि दुखऱ्या सांध्यांवर आणखी भार येतो. पण एकदम आखूडही करता येत नाहीत, कारण नखाबरोबर आतली नसही लांबलेली असते. चिंगीची नखं काळी, नस बाहेरून दिसतच नाही. तुम्ही तिचा पंजा उजेडाकडे वळवलात आणि कागदाएवढी पातळ चकती कापलीत, मग दुसरी, मग तिसरी. प्रत्येक वेळी कापलेला भाग मला बघायला लावलात. आधी नुसता कोरडा, पांढुरका. मग मधोमध एक बारीक गडद ठिपका उमटला. "इथे थांबायचं. आठ-दहा दिवसांनी पुन्हा थोडंसं. नस हळूहळू मागे सरकते."

आणि ते आतल्या बाजूचं नख! अंगठ्यासारखं वर असतं, जमिनीला कधी टेकतच नाही, त्यामुळे झिजत नाही. केसांत दडलेलं ते नख गोल वळून कातडीला टेकलं होतं. आणखी थोडे दिवस गेले असते तर आत रुतलं असतं. मी रोज तिच्या अंगावरून हात फिरवत होते आणि हे मला दिसलं नव्हतं.

पुढचे दोन पाय झाले. पंजाच्या गाद्यांमधले वाढलेले केस तुम्ही कापलेत (गुळगुळीत फरशीवर ती का घसरत होती ते तेव्हा उमगलं), एका कानामागचा गुंता सोडवलात. मग चिंगीने ओठ चाटले, जांभई दिली, तोंड फिरवलं. मला वाटलं, पेंगुळली. तुम्ही मात्र लगेच हात काढून घेतलात. "आता तिला नको झालंय. आज एवढंच."

मी म्हणाले, अहो, मागचे पाय राहिलेत, दुसरा कान राहिलाय, अशी अर्धी कशी दिसेल? तुम्ही शांतपणे म्हणालात, "तिला कुठे आरशात बघायचंय?" आणि साहित्य आवरायला घेतलंत.

चांगलं काम म्हणजे पुरं झालेलं काम, असंच मी धरून चालले होते. तिची सहनशक्ती संपण्याआधी तुम्ही थांबलात, म्हणून आज ती पंजा हातात घेऊ देते.

आणखी एक राहिलं. तिच्या काखेत बोराएवढी गाठ तुमच्याच बोटांना लागली. तुम्ही घाबरवलं नाहीत, उगीच धीरही दिला नाहीत. "डॉक्टरांना दाखवा, सुईने तपासतात" इतकंच म्हणालात. चरबीची गाठ निघाली. सांधेदुखीचं औषधही त्याच भेटीत सुरू झालं. आमच्या गोळ्या तिला चुकूनही द्यायच्या नाहीत, हे डॉक्टरांनी बजावलं. माणसांची साधी दुखण्यावरची गोळीसुद्धा कुत्र्याला विषासारखी भोवू शकते.

आता घरी रोज थोडं थोडं करते. गुंता बोटांनी सैल करते, मुळाशी केस चिमटीत धरते म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि मग विंचरते. कात्री तिथे घालत नाही. गुंत्यात कातडी वर ओढली गेलेली असते आणि या वयात ती फार पातळ असते. पाणी लागलं की गुंता आणखी आवळतो, म्हणून आंघोळ नेहमी नंतर. कोमट पाणी, कुत्र्यांचाच शाम्पू, आणि ड्रायरऐवजी टॉवेलने टिपणं. पूर्वी मी तिला माझाच शाम्पू लावायची आणि ती इतकी खाजवते का म्हणून विचार करत बसायची.

काल संध्याकाळी ती माझ्या मांडीला पाठ लावून झोपली होती. फरशीवर थाप दिली, तिने एक डोळा उघडला, मी मागचा उजवा पंजा हातात घेतला. तिने तो काढून घेतला नाही. तीन नखं झाली. चौथ्याच्या वेळी तिने ओठ चाटले आणि मी नेलकटर खाली ठेवला.

चौथं नख उद्या बघू.

तुमची,
चिंगीच्या घरची