प्रसूती ओरोसला, बाळंतपण गिर्येला

गिर्ये, ता. देवगड

प्रिय वैशू,

डोंबिवलीत इतकी हॉस्पिटलं सोडून गावाला कशाला गेलीस, म्हणून फोनवर चिडलीस. तेव्हा आई समोरच बसलेली, काय बोलणार! म्हणून हे पत्र.

पहिलं बाळंतपण माहेरी, यावर आमच्यात वाद नाहीच. आईच्या हातचं तेल, शेक आणि अळिवाची खीर मलाही हवी आहे. वाद झाला तो बाळ कुठे जन्माला यायचं यावर. आई म्हणते, "माका तिनय पोरां हयच झाली. सुईण इली, काम झाला." आमच्या काकीचं काय झालं ते मात्र ती सांगत नाही. बाळ झालं, वार पडली आणि रक्त थांबेचना. गर्भपिशवी आवळली नाही की असं होतं, आणि कुणाच्या वाट्याला येईल ते आधी सांगता येत नाही. हल्ली बाळ बाहेर येताच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन देतात ते त्यासाठीच.

त्यात माझा रक्तगट बी निगेटिव्ह, निखिलचा पॉझिटिव्ह. बाळाचं रक्त पॉझिटिव्ह असलं तर माझ्या शरीराने त्याच्याशी वैर धरू नये, यासाठीचं अँटी-डी इंजेक्शन २८व्या आठवड्यात घेतलं. बाळ पॉझिटिव्ह निघालं तर जन्मानंतर ७२ तासांत पुन्हा. ते मिळेल गं. पण ऐन वेळी निगेटिव्ह रक्ताची पिशवी लागली तर? तारीख श्रावणातली. देवगडहून पुढे पाठवलंच, तर हायवेवरच्या नांदगावपर्यंतचा रस्ता, पाऊस, आडवं पडलेलं एखादं झाड.

एक खाजगी दवाखानाही पाहिला. एसी खोली, बाळाच्या फोटोसाठी सजवलेला कोपरा. मी विचारलं, रात्री सिझर करायची वेळ आली तर भूलतज्ज्ञ कुठून येतात? "बोलावले की येतात." कुठून, ते शेवटपर्यंत कळलं नाही. उठून आले.

शेवटी ओरोस ठरवलं. जिल्हा रुग्णालय, आता मेडिकल कॉलेजला जोडलेलं, रक्तपेढी तिथेच. सरकारी म्हणून सासूबाईंनी नाक मुरडलं, पण २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सिझरसुद्धा मोफत आहे, औषधं, रक्त, जेवण, घरी सोडणारी गाडी सगळं धरून. आणि गोव्याच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलात, बांबोळीला, न्यायची पाळी आलीच, तर निदान हायवेवर तरी असू.

नववा लागला की कसालला आत्याकडे जाऊन राहीन. तिथून ओरोस अगदी जवळ. बाळ घेऊन मग गिर्येला, आईच्या ताब्यात. हे ऐकल्यावर आई जरा निवळली. तिला खरी धास्ती, नातवंडाची पहिली आंघोळ दुसरंच कुणी घालेल याची!

निखिल कळा सुरू झाल्यावर निघणार म्हणे. कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक त्याने पाहिलेलं दिसत नाही. त्याला आठवडाभर आधीच रजा टाकायला लाव. माझं ऐकत नाही, तुला घाबरतो.

आणि तुझ्या वेळी पिशवीत काय काय भरलं होतंस ते लिहून पाठव. आत्या चार लुगडी पुरे म्हणते.

तुझी,
मंजू