पायाखालची नावे

संपादक महोदय,

गेल्या नोव्हेंबरात मुलीकडे बर्लिनला होते. एका सकाळी शेजारच्या इमारतीसमोर एक आजी गुडघे टेकून फुटपाथ घासताना दिसल्या. जवळ गेले, तर फरशीत बसवलेले चार पितळी चौकोन, जेमतेम तळहाताएवढे. आपण सणाला देव घासतो तशा त्या ते घासत होत्या. प्रत्येकावर ‘येथे राहत होते’, मग नाव, जन्मसाल आणि शेवटी ऑशविट्झ, म्हणजे नाझींची मृत्युछावणी. एक जन्मसाल १९३८ होते, नेल्याचे साल १९४२.

हे ‘श्टोल्परश्टाइन’, म्हणजे ठेच लावणारे दगड, नाझींच्या बळींच्या आठवणीचे. गुंटर डेमनिग या कलावंताने पहिला दगड १९९२ मध्ये कोलोनला बसवला. २०२३ मध्ये त्यांची संख्या एक लाखावर पोचली. बहुतेक ज्यूंचे, पण रोमा (जिप्सी), अपंग, राजकीय विरोधक यांचेही. मारले तिथे नव्हे, तर ज्या घरात माणूस शेवटचा स्वतःच्या मर्जीने राहत होता, त्याच्या दारात.

म्युनिक शहराने मात्र सार्वजनिक रस्त्यांवर त्यांना परवानगी दिलेली नाही. बळींची नावे पायदळी तुडवली जाऊ नयेत, अशी तिथल्या ज्यू नेत्या शार्लोटे क्नोब्लोख यांची भूमिका. पुस्तकाला पाय लागला तरी नमस्कार करणाऱ्या आपल्याला ती चटकन पटते. मलाही पटली होती. पण ते नाव वाचायचे तर मान खाली घालून वाकावेच लागते. मी वाकले आणि चारही नावे मोठ्याने वाचली. आजींनी फडके माझ्या हातात दिले.

– एक वाचक, पुणे