घरच्या लेथवर काय करावे, काय करू नये

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात येझदी मोटारसायकलचे उत्पादन १९९६ मध्ये थांबले आणि राजदूतही आता रस्त्यावर क्वचितच दिसते. तरीही आमच्या कोल्हापूर-सांगली भागात या गाड्या जिवापाड जपणारे लोक आहेत. मूळ सुटा भाग मिळेना, म्हणून त्यांच्यापैकी काहींनी घराच्या पडवीत घरगुती सिंगल फेज विजेवर चालणारे छोटे लेथ मशीन, म्हणजे धातू फिरवत कातणारे यंत्र, बसवले आहे. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगर या कारखान्यांच्या वसाहतीत ३२ वर्षे लेथवर उभा राहिलेला टर्नर म्हणून मला त्याचे कौतुकच वाटते. मात्र मोबाइलवर फिरणाऱ्या अशा कामांच्या चित्रफितींत भागाची चकाकी तेवढी दिसते. कोणता भाग घरी करण्याजोगा आहे आणि कोणता नाही, याबद्दल सहसा कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र.

निवृत्तीनंतर मीही असे मशीन घेतले आणि पहिले काम केले ते मागच्या चाकातल्या स्पेसरचे. हबमधल्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्यातल्या, दोन बेअरिंगांच्या मध्ये बसणारी ही साधी नळी, पण एक्सलचा नट आवळला की त्याचा दाब बेअरिंगच्या आतल्या कड्यांवरून याच नळीतून पलीकडे जातो. नळी अर्धा मिलिमीटर जरी आखूड झाली, तरी त्या कड्या एकमेकींकडे ओढल्या जातात, गोळ्या खाचेच्या कडेवर चालू लागतात आणि बेअरिंग तापून निकामी होते. जुना स्पेसर दोन्ही टोकांना झिजलेला असताना मी त्याचेच माप व्हर्निअरने घेतले. हबमधल्या दोन बैठकींतले अंतर मोजण्याचे कष्ट घेतले नाहीत. चाक हाताने छान फिरत होते, नट आवळताच जड झाले, आणि ते कळूनही 'बसेल हळूहळू' असे म्हणून मी गाडी बाहेर काढली. पंधरवड्यात दोन्ही बेअरिंगे बदलावी लागली. हाताखालच्या पोराने असे केले असते, तर मी त्याला दिवसभर झाडू मारायला लावले असते. दुसऱ्या वेळी बैठकींतले अंतर आधी घेतले, नळी केसभर जास्तच ठेवली, दोन्ही तोंडांचे फेसिंग करून, म्हणजे ती सपाट कातून, लांबी मायक्रोमीटरने तीन ठिकाणी तपासली आणि कडांची बर, म्हणजे कातताना राहिलेली धारदार कोर, काढली. तो स्पेसर आजही चालतो आहे.

ही चूक मला परवडली, कारण बेअरिंग जाण्याआधी बहुधा घरघरते, चाक डुलू लागते, म्हणजे सावध होण्यास वेळ मिळतो. एक्सल मात्र सांगून तुटत नाही. भंगारातल्या माइल्ड स्टीलच्या सळईतून घडवलेला एक्सल मापात तंतोतंत असला, तरी मूळ एक्सलच्या पोलादाची आणि त्यावरील उष्णता-प्रक्रियेची ताकद त्यात येत नाही; शिवाय एक्सलची जाडी बदलते त्या पायरीच्या कोपऱ्यात टोकदार टूलने धारदार काटकोन राहिला, तर तडा तिथूनच सुरू होतो. हीच गोष्ट ब्रेकचा कॅम, हँडलखालचा स्टिअरिंगचा दांडा आणि ज्याच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा आकडा असतो, त्या प्रत्येक बोल्टची. बुश (दांड्याभोवती बसणारी, झिजली की बदलायची छोटी नळी), स्पेसर, वॉशर, फूटरेस्टची पिन, केबलचे टोक हवे तितके करावे. जो भाग तुटला तर माणूस रस्त्यावर पडेल, तो घरी करू नये.

कायद्याच्या भीतीने काहीजण साधा बुश करायलाही कचरतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ नोंदणी प्रमाणपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना मनाई करते आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे कलम कठोरपणे लावले. झिजलेल्या बुशाच्या जागी त्याच मापाचा नवा बुश बसवणे हा फेरफार नव्हे, असे मला वाटते.

आयटीआयमध्ये टर्नरचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. नोकरदार हौशी माणसाला तो शक्य नाही, म्हणून तो चित्रफिती पाहून शिकतो आणि हातमोजे घालून चकाजवळ, म्हणजे भाग धरून फिरणाऱ्या पकडीजवळ, हात नेतो किंवा चकाची चावी तशीच ठेवून मशीन सुरू करतो. शासकीय आयटीआयनी रविवारी आपली कार्यशाळा अशा नागरिकांसाठी उघडावी आणि मापन, टूलची धार व सुरक्षितता एवढे तरी शिकवावे, अशी संबंधित खात्याला विनंती आहे. शिकवायला माणसे कमी पडली, तर विनामोबदला येणारे पाच-सहा निवृत्त टर्नर कोल्हापुरातून मी स्वतः गोळा करून देईन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त टर्नर, कोल्हापूर