मागून येणाऱ्याला तू दिसायला हवीस

बेळगाव,
गुरुवार

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

‘पोचले’ एवढाच मेसेज आला तुझा. पोचलीस हे कळलं, राग किती शिल्लक आहे तेही कळलं. आई म्हणते, फोन करा. फोनवर माझा आवाज दुसऱ्या वाक्याला चढतो आणि तू तिसऱ्याला ‘ठेवते’ म्हणतेस, त्यापेक्षा कागद बरा. धाकटा याचा फोटो काढून पाठवील. तो वाचेलच, वाचू दे.

स्टँडवर सायकल डिकीत घालताना तुझ्या पुढच्या महिन्यातल्या रात्रभराच्या सायकलिंगवरून मी बोललो ते रात्रीबद्दल बोललो, सायकलीबद्दल नाही. चार माणसं उभी होती, त्यात वडगावची आत्या, आणि तिनं लगेच ‘बाईमाणसानं रात्रभर सायकल?’ म्हणून सुरू केलं. ते तिचं वाक्य, माझं नव्हे. बाईमाणूस काय, बाप्यामाणूस काय, अंधारात ट्रकवाल्याला मागून दोन्ही सारखीच दिसतात. म्हणजे दिसत नाहीत. असो. त्या विषयावर लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय.

आठवडा मात्र छान गेला बघ. आज्जी रोज विचारायची, ‘पोरगी आलीय काय नुसती सायकल आलीय?’ पहाटे पाचला तुझे ते पायडलला अडकणारे क्लीटचे बूट फरशीवर टकटक वाजायचे आणि दूधवाला यायच्या आत गेट लागायचं. परत आलीस की पोहे, झोप, मग अंगणात चेन पुसत बसणं. गाडी इतकी पुसणारा माणूस मी आमच्या बसडेपोत कधी बघितला नाही.

तुमच्या क्लबांची गंमत वाटली. रस्त्यावाले वेगळे, मातीवाले वेगळे, शर्यतवाले वेगळे. रस्त्यावाले चहाला थांबतात, मातीवाले पडल्यावर थांबतात, शर्यतवाले थांबतच नाहीत. त्यात उद्यमबागेतला फौंड्रीवाला काय, दातांचा डॉक्टर काय, कॅम्पातले सुभेदार काय. निम्मे मराठी, निम्मे कानडी, आणि पंक्चर झालं की सगळे एकदम शिव्या घालतात ते दोन्ही भाषांत. एरवी या गावात इतकी माणसं एका रांगेत चालताना मी तरी बघितलेली नाहीत.

मागच्या बुधवारी तुम्ही गोवा रस्त्यानं गेलात तेव्हा मी घरात बसून मनातच गाडी चालवत होतो. पिरनवाडी सुटलं, किणये आलं, कुसमळीचा पूल, जांबोटी. कणकुंबीला माऊलीच्या देवळात हात जोडलेस काय? मलप्रभा तिथून निघते. आमच्या गाडीत नवा कंडक्टर आला की मी त्याला सांगायचो, ‘इथलं पाणी पूर्वेला जातं, थोडं पुढं गेलं की सगळं पाणी पश्चिमेला, गोव्याकडं पळतं. आणि तू सुट्ट्या पैशांवरून भांडतोस.’ त्या रस्त्यावर धुकं कुठं साचतं, कुठल्या वळणावर गवा आडवा येतो, सगळं पाठ आहे मला. पावसाळ्यात जांबोटीच्या पुढं वायपर फिरत असताना बॉनेटच्या पलीकडचं दिसत नसे. समोरची लाल डब्बा गाडी दिसायची नाही, मग सायकल कुठली दिसणार. बघ, आलंच पुन्हा.

चोर्ला उतरून केरीपर्यंत गेलात आणि तोच घाट परत चढून आलात, हे तू जेवताना भाजी वाढून घेत सहज सांगितलंस. माझा घास हातातच राहिला. मी म्हटलं, घाट ज्या गियरमध्ये चढतो त्याच गियरमध्ये उतरायचा, आमच्या उस्तादानं हेच शिकवलं. तू हसलीस. ‘बाबा, सायकलला गियर ब्रेक लावत नाही.’ बरोबर आहे, इंजिनच नाही तर धरून कोण ठेवणार? मग सगळा भार ब्रेकवर आला की नाही? म्हणून सांगतो, वळणात शिरायच्या आधी दाबायचा, वळणात नाही. दाबायचा, सोडायचा, दाबायचा, सोडायचा. धरून ठेवायचा नाही, तापतो. आणि वळणावर समोरनं गाडी आली तर तिच्या दिव्याकडं बघायचं नाही, आपल्या डाव्या कडेकडं बघायचं. हे तुला माहीत असणार. तरी लिहिलं. बेल वाजली तरी मास्तर थांबत नाहीत तसं झालंय माझं, रागावू नको.

मातीतले दोन दिवस मला अजिबात काळजी वाटली नाही, हे आईला सांगू नको. शिनोळीहून देवरवाडीला, वैजनाथाच्या डोंगराकडं गेलात तेव्हा. कोपर सोलून आलीस, अंगभर लाल माती, आणि आई हळद घेऊन धावली. मी शांत होतो. तिथं पडलीस तर मातीत पडतेस. मागून आला तर फार तर गवा येईल, आणि गवा माणसाला बघतो तरी. (टायरमधली हवा कमी करून मातीत जायचं हे मला नवीन होतं. आमच्याकडं हवा कमी दिसली की फोरमन ओरडायचा.) आणि हो, सकाळी कर्नाटकातून महाराष्ट्रात जाऊन दुपारी जेवायला परत कर्नाटकात आलीस, आदल्या दिवशी गोवा. तीन राज्यं झाली, कुणी विचारलं नाही. आमच्या पिढीला हे जमलं नाही.

आता रविवारची शर्यत. मी येणार नव्हतो, तुला तसं सांगितलंही होतं. वेंगुर्ला रस्त्यावर जिथून वळून परत यायचं होतं तिथं पिंपळाखाली उभा होतो, तू बघितलं नाहीस. एकेकाला मिनिटामिनिटानं सोडतात, कुणाच्या चाकामागं लपायचं नाही, असं तूच समजावलं होतंस. गटात असलं की पुढचा वारा खातो आणि मागच्याची ताकद वाचते. इथं सगळा वारा एकटीनं खायचा. विजापूरकडच्या मुली आल्या होत्या. आपल्याच जिल्ह्यातल्या चंदरगीच्या क्रीडाशाळेतल्या पोरांबद्दल ऐकलं होतं, विजापूरकडंही सायकल म्हणजे आपल्याकडं तालीम असते तसं आहे. पण त्या मुली! पाठ अशी सपाट की वर तांब्या ठेवला तरी सांडणार नाही. त्यांचे सर जीपजवळ उभे राहून ‘बर्री, बर्री’ (या, या) ओरडत होते. तू आलीस तेव्हा त्यांनी तुलाही ‘बर्री अक्का’ म्हटलं. मी तोंडावर रुमाल धरला होता, धुळीसाठी.

वळायच्या आधी तू उजव्या खांद्यावरून मागं बघितलंस. नुसती मान वळली, हँडल तसूभर हललं नाही. विजापूरच्या एकीनंही तसं बघितलं नाही. ते तुझ्या काकानं शिकवलेलं. व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर तो तुला घेऊन जायचा, मी पणजीच्या ड्युटीवर असायचो. इतर पोरांना बाप म्हणायचा, पुढं बघ, पुढं बघ. हा पठ्ठ्या मागं उभा राहून बोटं दाखवायचा आणि तू चालवता चालवता मागं वळून किती बोटं ते सांगायचं. तोल गेला की पहिल्यापासून. तुझी आई चिडायची, पोरगी पडेल म्हणून. तू पडायचीस, आणि पुन्हा बोटं मोजायचीस. त्या सायकलीची घंटी अजून आहे, माळ्यावरच्या पेटीत. गेल्या दिवाळीला धाकट्यानं काढली होती, मी परत ठेवायला लावली.

तू चौथी आलीस. डेपोतल्या जुन्या मंडळींना मी तिसरी सांगितलंय. कुणी विचारलं तर निभावून ने.

आता लिहितोच, लपवून काय उपयोग. तू म्हणालीस, पुढच्या महिन्यात ३०० किलोमीटरची बीआरएम, तुमची ती लांब पल्ल्याची सायकल-सफर. संध्याकाळी सहाला पुण्याहून सुटायचं, कराडच्या अलीकडून परत फिरायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या आत पोचायचं. २० तास. शर्यत नाही, वेळेत पोचलं की झालं. २००, ३००, ४०० आणि ६०० एका मोसमात केले की किताब मिळतो. सगळं नीट ऐकलं मी. मी नको म्हटलं तेव्हा तू मला रॅमचं, अमेरिका आडवी पार करायच्या त्या सायकल शर्यतीचं उदाहरण दिलंस, की २०१५ साली नाशिकच्या महाजन डॉक्टर बंधूंनी दोघांत मिळून अमेरिका ओलांडली, २०१७ ला लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुळनाथांनी एकट्यानं. मोठी माणसं, वाद नाही. पण मी धाकट्याला इंटरनेटवर बघायला लावलं. रात्री त्यांच्या मागं त्यांचीच गाडी असते, दिवे लुकलुकवत, चिकटून. तसा नियमच आहे. तुझ्या बीआरएमला मदतीची गाडी फक्त कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर चालते, मधल्या रस्त्यात नाही, हाही नियमच. मग मधल्या रस्त्यात तुझ्या मागं कोण, एवढंच मी विचारत होतो. स्टँडवर ते नीट बोलता आलं नाही.

आणि महिना कुठला? गळिताचा. इकडं काकतीपासून निपाणीपर्यंत, तिकडं कराडपर्यंत, कारखान्याला जाणारा ऊस रात्रीच चालतो. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, मागं दिवा नाही. अ‍ॅक्सल तुटला की ड्रायव्हर चार दगड लावून ट्रॉली रस्त्यातच ठेवतो आणि झोपायला जातो. काकाच्या सायकलीला मागं रिफ्लेक्टर होता. ट्रॉलीला नव्हता. यापुढं लिहीत नाही.

ड्रायव्हरच्या सीटवरून काय दिसतं ते मात्र ऐक, हे तुझ्या क्लबात कुणी सांगणार नाही. बसच्या किंवा ट्रकच्या डाव्या अंगाला, पुढच्या दाराच्या खाली, एक सायकल आख्खी मावते आणि आरशात तिचं काही दिसत नाही. रेल्वेच्या तिसऱ्या गेटजवळ कितीदा ब्रेक मारलाय मी. म्हणून थांबलेल्या मोठ्या गाडीच्या डावीकडून पुढं घुसायचं नाही, मागं थांबायचं. आणि रात्री लांबून नुसता लाल ठिपका दिसला तर तो मोटरसायकलचा आहे, उभ्या ट्रॅक्टरचा आहे की धाब्याचा, कळत नाही. पण दोन पिवळे तुकडे वर-खाली, वर-खाली होताना दिसले की पाय आपसूक उचलला जातो, कारण तसं फक्त सायकलचं पायडल हालतं. तुझ्या त्या महागाच्या पायडलला रिफ्लेक्टर नाहीत. मी बघितलं, तू झोपली होतीस तेव्हा. बीआरएमला रात्री चकाकणारं जाकीट सक्तीचं आहे म्हणालीस, ते चांगलंच आहे, पण जाकीट हालत नाही. हालतात घोटे.

म्हणून मंगळवारी ट्रकवाल्यांच्या दुकानातून चकाकणाऱ्या टेपचे रोल आणले. मागं लाल, पुढं पांढरी, बाजूला पिवळी, गाड्यांना आरटीओचा तसाच नियम आहे. पिवळ्याचे घोट्याला बांधायचे पट्टे आईनं मशीनवर शिवलेत, वेल्क्रो लावून. तिनं काही न बोलता शिवले. लाल टेप तुझ्या सायकलीच्या मागच्या दांड्यांना लाव. रंग खराब होईल म्हणू नको, पुन्हा मारून देईन. लाल रोल बराच उरला. काल मी आणि पूर्वीचे एक मेकॅनिक वजनकाट्यासमोरच्या चहाच्या टपरीवर बसलो आणि ऊस घेऊन थांबणाऱ्या ट्रॉल्यांना मागं दोन-दोन पट्ट्या लावून दिल्या. एकानं विचारलं, किती द्यायचे? मी म्हटलं, काही नको, रात्री रस्त्यात उभी करू नको. धाकटा म्हणतो, कराडच्या ट्रॉल्यांचं काय करणार? बघू.

मी नको म्हणत नाहीये. आईनं हे वाक्य मुद्दाम लिहायला सांगितलंय, पण माझंही तेच आहे. शर्यतीत तू परत फिरून उतारावर वाकलीस ना, तेव्हा पिंपळाखालच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, ‘कुणाची रे ही?’ मी सांगितलं. एवढंच सांगितलं, जास्त बोललो नाही.

पार्सल उद्या रात्रीच्या गाडीनं निघेल, शनिवारी सकाळी स्वारगेटला उतरवून घे. डबा दोन कप्प्यांचा आहे. खालच्यात कुंदा आहे, क्लबातल्या लोकांना वाट, सगळा एकटीनं खाऊ नको, घाटात जड होतो. वरच्यात पट्टे.

आमच्या गाडीला प्रत्येक स्टँडवर कंट्रोलर लॉगशीटवर वेळ टाकायचा, तशी तुमचीही वेळ बीआरएमच्या ब्रेवे कार्डावर टाकतात असं कळलं. ते मला आवडलं. म्हणजे कुठली गाडी कुठं पोचली ते कागदावर राहतं. तेव्हा त्या रात्री प्रत्येक कंट्रोलला कार्डाचा फोटो काढून मला पाठव. मी जागा असेन. नसलो तरी पाठव. उत्तर देणार नाही, म्हणजे तुला थांबून वाचावं लागणार नाही.

तुझे,
बाबा

ता. क. मागच्या दिव्याला सेल नवे घाल. चार्जिंगचा असला तर सेलवाला दुसरा एक जोडीला लाव. आणि आई विचारते, कोपर भरलं काय.