'संपूर्ण' गुडघा, वाटी सोडून

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या आरोग्य पुरवणीतला गुडघेबदलावरचा लेख वाचला. 'संपूर्ण नवा गुडघा' हे शब्द त्यात तीनदा आलेत, पेनाने खुणा करून मोजलेत. लेखक स्वतः शल्यविशारद आहेत म्हणून नम्रपणे विचारते, या 'संपूर्ण'मध्ये वाटी धरली आहे की नाही?

माझ्या उजव्या गुडघ्यात धरली नव्हती. हे मला कळलं शस्त्रक्रियेनंतर चौदा महिन्यांनी. रात्रीचं ठणकणं गेलं, पाय सरळ झाला, त्याबद्दल डॉक्टरांचे आभार आजही मानते. पण जिना उतरताना आणि खुर्चीतून उठताना वाटीमागे जी कळ यायची ती काही गेली नाही. दर तपासणीला उत्तर ठरलेलं, "मांडीचे स्नायू कमी पडतायत, व्यायाम वाढवा." वाढवला. घोट्याला वाळूची पिशवी बांधून सकाळ-संध्याकाळ पाय उचलत राहिले. शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी गुडघा वाकवून वाटीचा वेगळा एक्स-रे काढायला लावला. फिल्म उजेडावर धरून म्हणाले, "खाली धातू नवा आहे, वाटी मात्र तुमचीच. जुनी." म्हणजे गुळगुळीत नव्या धातूवर माझी झिजकी वाटी घासत होती आणि मी वाळू उचलत होते!

घरी येऊन डिस्चार्ज कार्ड काढलं. धातूच्या भागांचे क्रमांकांसकट स्टिकर चिकटवलेले. वाटीबद्दल एक अक्षर नाही.

आता मला सगळं ठाऊक झालंय. अख्खी वाटी कुणी काढत नाही, मागचा झिजलेला थर कापून तिथे पॉलिथिलीनचं बटण सिमेंटने बसवतात. अमेरिकेत बहुतेक सर्जन ते बसवतात, नॉर्वे-स्वीडनमध्ये क्वचित. वाटी जास्त कापली गेली तर मोडू शकते, बटण सैल होऊ शकतं. उलट ती तशीच ठेवली तर पुढे त्याच कारणासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करून घेणारे जास्त निघतात. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेने २०२० मध्ये, गुडघा बदलताना पेशंटला वाटीवर बटण बसवणंही देऊ करावं असं सांगितलंय. गुडघ्याच्या समोरचं दुखणं मात्र बटण बसवलं काय, न बसवलं काय, राहू शकतं, आणि मागाहून बटण बसवलं तरी कळ जाईलच असं नाही, हे त्या दुसऱ्या डॉक्टरांनीच सांगितलं. म्हणून मी अजून कठडा धरूनच उतरते.

वाटी ठेवली याबद्दल माझं भांडण नाही. ठेवायची कारणं असतील, मी काही डॉक्टर नाही. पण घरातली फरशी बदलताना गवंडीसुद्धा "उंबऱ्याची राहू द्यायची का?" असं विचारतो हो! संमतीपत्रावर माझ्या सात सह्या घेतल्या, आठवी या एका प्रश्नाखाली घ्यायला काय हरकत होती? आणि तुमच्या लेखकांनीही दोन ओळी यावर खर्च केल्या असत्या तर पुढच्या पेशंटने निदान विचारलं तरी असतं. त्याऐवजी 'पंधरा दिवसांत तुरुतुरु चाला' वगैरे.

जाता जाता आणखी एक. पिवळ्या रंगावर पांढरी अक्षरं छापण्याची कल्पना कुणाची? गुडघे झिजलेल्या वाचकांचे डोळेही त्याच वयाचे असतात. लेखासोबतच्या चित्रात वाटी दाखवली आहे की नाही, हे मला भिंग घेऊनही ठरवता आलेलं नाही.

आपली,
एक जुनी वाचक