देवळालीचा ताप

लीड्स, इंग्लंड
रविवार, रात्री

ती. आजोबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "काय गं, माझी वही तिकडे उपयोगी पडते ना?" मागे कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या, आई काहीतरी सांगत होती, त्यात उत्तर राहूनच गेलं. खरं सांगू? फारशी नाही पडत. रागावू नका.

तुमच्या त्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या वहीतून 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज', म्हणजे धो धो पाऊस, तुम्ही पाठ करून घेतलं होतंत. एका वाक्प्रचाराला एक रुपया, आणि दहा झाले की तलावपाळीवर भेळ. इथे दोन वर्षांत ढगांतून एकही कुत्रं-मांजर पडलेलं नाही. जोराचा पाऊस आला की हे लोक 'चकिंग इट डाउन' म्हणतात, म्हणजे वर बसून कोणीतरी खाली भिरकावतंय. त्यांचा हा जोराचा पाऊस म्हणजे आपल्याकडची पिरपिर. 'चकिंग इट डाउन' हे खरं तर जुलैत ठाणे स्टेशनबाहेर गुडघाभर पाण्यात उभं राहून म्हणावं.

पहिल्या आठवड्यात जो तो मला 'यू ऑल राइट?' विचारायचा. मला वाटायचं, माझा चेहरा पडलाय की काय. एकीला मी सर्दी, झोप, घरची आठवण असं सगळं सांगत बसले. ती बिचारी दारात उभी राहून ऐकत होती. नंतर कळलं की हे आपलं 'काय म्हणताय?' आहे, उत्तराची कोणाला अपेक्षाच नसते. (तुम्ही मात्र वाण्यालासुद्धा खरंखुरं उत्तर देता, गुडघ्यासकट.) ड्युटी सांगताना सिस्टर म्हणाली, 'एट व्हाइल एट'. 'व्हाइल'चा अर्थ इकडे, यॉर्कशर भागात, 'पर्यंत' असाही होतो, हे कुठल्या व्याकरणात होतं? एकीने 'टी'ला बोलावलं, तर मी आपली जेवून गेले आणि समोर 'पाय' (म्हणजे आत सारण भरून भाजलेला पदार्थ), बटाटे, मटार असं ताट आलं. इकडे उत्तरेत टी म्हणजे संध्याकाळचं जेवण.

खरी फजिती वॉर्डात झाली. एक आजी हळूच म्हणाल्या, "लव्ह, आय नीड टू स्पेंड अ पेनी." मी म्हटलं, खालचं दुकान दहाला उघडतं, काय आणू? त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, मी पुन्हा दुकानाचंच सांगितलं. मला उमगेपर्यंत चादर बदलायची वेळ आली होती. पूर्वी सार्वजनिक संडासाच्या दाराला कुलूप असायचं, त्यात एक पेनी टाकली की दार उघडायचं. ती जुनी पेनी १९७१ साली गेली, पण म्हाताऱ्या बायका अजून ती खर्च करायला जातात. आपले आणे गेले तरी 'सोळा आणे खरं' राहिलंच की. शाळेत आम्ही बोट वर करून 'एक नंबरला जाऊ?' विचारायचो, ते एखाद्या इंग्रज नर्सला कुठे कळलं असतं?

पण हे पत्र लिहायला बसले ते वेगळ्याच शब्दासाठी. पंचाऐंशीचे एक आजोबा चष्मा शोधत होते आणि चष्मा कपाळावर. मी दाखवला तर म्हणाले, "टेक नो नोटिस, लव्ह. आय'म गोइंग डूलाली." म्हणजे डोकं ठिकाणावर नाही. शब्दाचा आवाज ओळखीचा वाटला म्हणून रात्री शब्दकोश काढला. आजोबा, डूलाली म्हणजे देवळाली! आपली, नाशिकजवळची, आत्याआजीची देवळाली!

तिथे गोऱ्या सैनिकांची छावणी होती. नोकरीची मुदत संपलेल्यांना तिथे आणून ठेवायचे. जहाजं थंडीच्या महिन्यांतच सुटायची, त्यामुळे ज्याची चुकली तो पुढच्या थंडीपर्यंत अडकला. काम नाही, उन्हाळा, दारू, मलेरिया. माणसं भ्रमिष्टासारखी वागायला लागली की सोबती म्हणायचे, याला 'डूलाली टॅप' झालाय. टॅप म्हणजे नळ नव्हे, आपला ताप! पुढे तो ताप गळून पडला आणि नुसती देवळाली राहिली. ज्यांना जहाज मिळायचं त्यांची गाडी आपल्या ठाण्यावरूनच मुंबईला गेली असणार. आणि आपण काय करायचो? तुम्हाला खोकला झाला की हवापालटाला उलट्या दिशेने, कसाऱ्याला मागून इंजिन लागेपर्यंत वडे खात, देवळालीलाच!

दुसऱ्या दिवशी त्या आजोबांना सांगितलं की डूलाली हे खरं गाव आहे, मी तिथे कितीदा राहिलेय. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग विचारलं, "इज इट नाइस?" मी म्हटलं, हवा चांगली आहे आणि आसपास द्राक्षं पिकतात. "देन आय डोन्ट माइंड गोइंग," म्हणाले.

पुक्का, कुशी, डेको हेही आपल्याकडूनच गेलेत. पक्का, खुशी, देखो. पण मला लागला तो 'ब्लायटी'. मूळ शब्द विलायती. पहिल्या महायुद्धात खंदकातले इंग्रज शिपाई स्वतःच्या घराला ब्लायटी म्हणायचे, आणि घरी पाठवतील इतपतच मोठी जखम व्हावी अशी आशा धरून बसायचे. घराची आठवण काढायची आणि तीही परक्यांच्या शब्दात. रात्रपाळीत हे फार डोक्यात येतं.

आई सांगत होती, परवा तुमचा चष्मा फ्रीजमध्ये सापडला. त्याला काय म्हणायचं ते आता तुम्हाला ठाऊक आहे. वहीच्या शेवटी एक पान कोरं आहे, मला आठवतंय. त्यावर 'डूलाली' आणि पुढे अर्थ तुमच्या अक्षरात लिहा, आणि आईला फोटो पाठवायला सांगा. या वेळी रुपया माझ्याकडून.

आजीला नमस्कार. तिला सांगा, थालीपिठाची भाजणी पोचली, पुडा फुटला नाही.

तुमची
नात