हळद महिन्यात संपत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

छोट्या जाहिरातींत हल्ली क्लासवाल्यांचं एक वाक्य ठरलेलं असतं: ‘कोडिंग न शिकता डिजिटल मार्केटिंग, 15 दिवसांत.’ त्या 15 दिवसांत काय शिकवतात आणि काय राहून जातं, हे आमच्या घरात चांगलंच कळलं, म्हणून हे पत्र.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात 34 वर्षं आडत दुकानात दिवाणजी होतो. कीर्द, खतावणी, शेतकऱ्याची पट्टी, यातच हयात गेली. सूनबाई असाच क्लास करून घरबसल्या हळद पावडर आणि बेदाणा विकते. माल बघायला मला बोलावते, कॉम्प्युटरपाशी मात्र फिरकू देत नव्हती. तिची मांडणी पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी गार पडलो, हे कबूल करतो. गिऱ्हाइकाने मोबाईलवर फॉर्म भरला की नाव, पत्ता, माल आपोआप तक्त्यात. तिथून त्याला व्हॉट्सॲपवर पोच. महिन्याने ‘संपलं असेल, पुन्हा मागवा’ असा निरोप. यात कोडची एक ओळ नाही, नुसती चौकोनांना चौकोन जोडायची रेघ. आमच्या दुकानात एवढ्या कामाला दोन माणसं होती, त्यातला एक मी.

हे एवढं का वाढलं तेही तिनेच सांगितलं. मार्केटिंगच्या सॉफ्टवेअरची मोजदाद करणारे स्कॉट ब्रिंकर यांच्या 2011 च्या तक्त्यात साधारण 150 नावं होती, 2024 मध्ये ती 14,106 झाली. जाहिरातीचं एक, पत्रांचं दुसरं, गिऱ्हाइकांच्या नोंदीचं तिसरं. इतकी दुकानं झाल्यावर या दुकानातला माल त्या दुकानात नेणारा हमालही लागणारच. तसली जोडणी करून देणारं झॅपियर निघालं तेही 2011 सालीच. (तसं बघितलं तर कोड न लिहिता हिशेब मांडायची सोय 1979 च्या व्हिजिकॅल्क या कॉम्प्युटरवरच्या तक्त्यापासून आहे. तेव्हा त्याला कुणी नो-कोड म्हटलं नाही, इतकंच.)

आता मार्च 2025 ची गोष्ट. 2 तारखेला मिरजेच्या एका गिऱ्हाइकाला बेदाणा गेला आणि 5 तारखेला त्यांच्या मोबाईलवर निरोप: ‘बेदाणा संपला असेल ना?’ त्यांनी हसून सोडून दिलं. सूनबाईला वाटलं, नेटचा काहीतरी घोळ. पण एप्रिल सरत आला तरी मार्चच्या उत्तरार्धात माल नेलेल्या एकालाही निरोप नाही. जुनी गिऱ्हाइकं, पण पुन्हा मागणी कुणाचीच नाही. ती बेदाण्याच्या प्रतीला दोष देत बसली.

मला सवय आहे, कुरिअरची चिठ्ठी वहीत चिकटवून पुढं तारीख घालायची. एका संध्याकाळी वही आणि तक्ता शेजारी ठेवून ओळीनं ताडून बघितलं, तेव्हा उलगडा झाला. क्लासने दिलेल्या नमुना तक्त्याची तिने प्रत काढली होती, आणि त्या तक्त्याची मांडणी अमेरिकन होती: आधी महिना, मग दिवस. आपण 02/03 लिहिलं, त्याने 3 फेब्रुवारी वाचलं. त्यात 30 दिवस मिळवले की बरोबर 5 मार्च. 05/03 ला गेलेल्या मालाचा निरोप 2 जूनला ठरला, 12/03 चा थेट पुढल्या जानेवारीत. आणि 13 पासून पुढं? तेरावा महिना कुठून आणणार! त्या सगळ्या नोंदी तारखा नव्हे, नुसती अक्षरं म्हणून पडून राहिल्या. यंत्राने कुठं लाल दिवा लावला नाही, की हाक मारली नाही. आमच्या वेळी दोन रुपयांचा फरक लागला तर मालक रात्री अकरापर्यंत बसवून घ्यायचे.

3 मार्चची तारीख तेवढी सरळ वाचा नाहीतर उलटी, सारखीच. त्या दिवशी पुण्याच्या एका बाईंना दोन किलो हळद गेली होती. त्यांना ठरल्याप्रमाणे 2 एप्रिलला निरोप गेला: ‘हळद संपली असेल, पुन्हा मागवा.’ त्यांचं उत्तर आलं, ‘आमच्याकडं लग्न नाही हो, महिन्यात दोन किलो हळद कुठं लावू?’ म्हणजे जिथं तारीख बरोबर निघाली तिथं नियमच चुकला होता. बेदाणा महिन्यात संपतो, हळद लोक वर्षाची भरतात. हे सांगलीत कुणाला शिकवावं लागत नाही, पण चौकोन जोडताना ते कुणी विचारलंही नाही.

कोड गेला तरी ‘असं झालं तर तसं कर’ हे कुणीतरी ठरवावं लागतंच, आणि ते ठरवायला माल आणि गिऱ्हाईक दोन्ही माहीत असावं लागतं. क्लासमध्ये बटणं शिकवतात. नोंद कशी घालायची, एका गिऱ्हाइकाचं खातं दोनदा उघडलं जाऊ नये म्हणून काय करायचं, आठवड्याने मेळ कसा घालायचा, हे शिकवत नाहीत. कॉमर्सच्या पोरांना जमा-नावे येतं, त्यांना हे चार तासांत शिकवता येईल. शिवाय सूनबाईला तिथं सांगितलं होतं की फोनमधले असतील नसतील तेवढे नंबर यादीत घाला. 2023 च्या माहिती संरक्षण कायद्यात संमतीचं काय म्हटलंय, त्यावर अवाक्षर नाही.

आणखी एक. ही साधनं भाड्याची आहेत. सांगलीजवळच्या हरिपूरच्या पेवांत, म्हणजे जमिनीखालच्या कोठारांत, हळद ठेवणाऱ्यांना 2005 चा महापूर आठवत असेल. पेवात पाणी शिरलं आणि माल गेला. गुगलने लहान दुकानदारांना बिझनेस प्रोफाइलमधून फुकट दिलेली संकेतस्थळं मार्च 2024 मध्ये अशीच बंद झाली. तिथं पूर आला नव्हता, कंपनीने ठरवलं एवढंच. तेव्हापासून मी सूनबाईच्या मागे लागून दर शनिवारी गिऱ्हाइकांची यादी छापून घेतो. ती कागद वाया जातो म्हणून कुरकुरते, पण देते.

तक्त्याची मांडणी आता आपल्याकडची केली आहे, हळदीचा नियम वेगळा केला आहे. पुण्याच्या त्या बाईंना पुढचा निरोप वर्षाने जायचा आहे. सूनबाईने तो तक्त्यात घातलाय. मी वहीतही लिहून ठेवलाय.

आपला,
एक निवृत्त दिवाणजी,
सांगली